शेठच्या पाईपची बोली

२० जुलै, रविवार

चोर! सरळसरळ चोर! आणि वर इंग्रजाचं नाव!

भटूची सून वैशाली आज लिंबायतला बाजाराला आली होती, तशी घरी डोकावली. मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "नाना, हा बघा ना. तुमच्या नाटकातल्यासारखाच दिसतो." जुन्या वस्तूंचा लिलाव चालतो असं कुठलंसं अ‍ॅप. त्यावर तंबाखू ओढायच्या जुन्या पाईपांची रांग लागलेली, आणि तिसरा फोटो आमचा. सारखा नव्हे, तोच! नाटकात भटू शेठ व्हायचा, त्या शेठचा पाईप. दांडी मोडलेली, मोडल्या जागी जरीच्या दोऱ्याचे वेढे. ते वेढे भटूनं माझ्यासमोर घातले होते, बमरोलीच्या एका गिरणीच्या गेटवर, लोक जमलेले असताना. वर विणकराची गाठ. ती गाठ मी कुठेही ओळखीन.

आणि फोटोखाली काय लिहिलंय? "सुरतच्या ब्रिटिश कलेक्टरच्या संग्रहातील दुर्मिळ पाईप. दांडीवर मूळ चांदीच्या तारेची नक्षी. आत विलायती तंबाखूचा सुगंध अजून कायम."

चांदीची तार! ती नकली जर आहे, साडीच्या काठाला लावतात ती. आणि विलायती तंबाखू! त्या पाईपात आयुष्यात तंबाखूचा कण गेला नाही. धूर दिसावा म्हणून आम्ही त्यात जळती उदबत्ती मोडून खोचायचो. मोगरा! ज्याला मोगऱ्यात विलायत सापडली त्याच्या नाकाला काय म्हणावं?

ज्या शहरात कंपनीनं वखार घातली, त्या शहरात चारशे वर्षांनीही वस्तूला भाव यायचा तर इंग्रजाचं नाव लावावं लागतं. कामगाराच्या हातची गाठ दिसत नाही. कलेक्टर दिसतो!

आमच्या मंडळाची खोली गेल्या वर्षी पाडली तेव्हा नाटकाची पेटी भंगारात गेली. डफ, टोप्या, शेठचा कोट, सगळं. तेव्हाही मी ओरडलो होतो. ओरडून पेटी परत येत नाही.

२१ जुलै, सोमवार

बमरोलीला जाऊन आलो. भटू खाटेवर भिंतीला टेकवून बसवलेला. होळीच्या सुमारास झटका आला, तेव्हापासून उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेली. गेटागेटावर शेठ होऊन शेकडो लोकांना हसवणारा माणूस, त्याच्या तोंडून आता अक्षर फुटत नाही.

काय नाटक होतं आमचं! मी कामगार, तो शेठ. मी बाह्या सरसावून बारा तासांच्या पाळीवर बोलायचो, कापलेल्या पगारावर बोलायचो, मागात गेलेल्या बोटांवर बोलायचो. लोकांच्या डोळ्यांत पाणी उभं राहायचं. आणि ऐन त्या वेळी हा नालायक सावकाश एक झुरका घ्यायचा आणि धूर थेट माझ्या तोंडावर सोडायचा! लोक हसून लोळायचे. माझ्या क्रांतीचा कळस दर वेळी उदबत्तीच्या धुरात गेला. मी चिडायचो. नाटकातला नव्हे, खरा चिडायचो. तो म्हणायचा, "शाल्या, तू खरा चिडलास की मगच लोकांना शेठ दिसतो."

वैशालीनं माझ्या मोबाईलवर ते अ‍ॅप नाव, नंबर, पत्ता भरून घालून दिलं, भटूच्याही तसंच घातलं, फोटो मोठा करून बघता यावा म्हणून. त्याच्याच मोबाईलवर मी फोटो त्याच्या समोर धरला. त्यानं डाव्या हातानं मोबाईल धरला आणि सोडेचना!

"बघ," मी लखनला म्हटलं, "ओळखला तुझ्या बापानं."

"नाना, मोबाईल तर लहान पोर बी धरतं."

लखन भटूचा मुलगा. पोरगा वाईट नाही, डाईंगमध्ये दिवसभर वाफेत उभा राहून येतो. पण डोक्यात बसलंय ते बसलंय. श्रावणातला कानबाईचा सण झाला की बापाला गावी चुलत्याकडे नेऊन ठेवणार. "डॉक्टर बोलला ना, समज गेलीय. आबांना आता सुरत काय नि गाव काय, एकच."

हे बापासमोर! त्याच्या खाटेपासून दोन हातांवर! अरे, त्याचं तोंड बंद झालंय, कान नाही बंद झाले! आणि तो डॉक्टर, त्यानंही हेच भटूच्या डोक्यावरून सांगितलं होतं, जणू खाटेवर गाठोडं ठेवलंय. ज्याला उलटून बोलता येत नाही त्याच्याबद्दल काहीही बोलावं, ही गिरणीची रीत आता घरातही आली.

मी म्हणालो, पाईप आणून त्याच्या हातात देतो. मग बघू समज गेलीय की नाही.

लखननं एकदा बापाकडे बघितलं. मग म्हणाला, "आणा. आबांनी ओळखला तर नाही नेणार. पण नाही ओळखला तर मग तुम्ही मधे पडायचं नाही, नाना."

शब्द दिला. मीही दिला, त्यानंही दिला. मोबाईल भटूच्या डाव्या हाताशी तसाच ठेवून आलो. बघत राहू दे त्याला.

२२ जुलै, मंगळवार

पहिली बोली लावली. सुंदरा म्हणाली, "कुणाच्या खिशात तंबाखूची पुडी दिसली की त्याला भर सभेत उभं करता, आणि स्वतः पाईप विकत घेताय! मला आधी सांगा, मी माहेरी कळवते."

बायकोला समजावता येतं. निंबाच्या टपरीला कोण समजावणार? वैशालीनं तिथं सांगितलंय वाटतं. चहा पुढे करताना निंबा मोठ्यानं म्हणाला, "नाना, पाईप पेवाले लागनात का आते?" सगळी टपरी हसली. व्यसनमुक्तीवरची माझी भाषणं याच टपरीसमोर झाली आहेत. हसू दे.

२३ जुलै, बुधवार

माझ्यावर कुणीतरी बोली चढवली. कोण? नाव नाही! "बोलीदार चार." "बोलीदार नऊ." मीसुद्धा "बोलीदार सात" आहे. मी शालिग्राम, ज्याला सचिनच्या गिरण्यांपासून पांडेसऱ्यापर्यंत पाठीवरून ओळखतात, तो सात!

नाव लपवून बोली लावायची ही कुठली रीत? ज्याला वस्तू हवी त्यानं उभं राहावं, तोंड दाखवावं. तोंड लपवून भाव वाढवणाऱ्यांनी या शहराचं काय केलंय ते मी कापड बाजारात बघितलंय.

२४ जुलै, गुरुवार

विकणारा कोण ते अ‍ॅपवर होतं. जुन्या शहरात दुकान, किरीटभाई नाव. तडक गेलो. घड्याळं, कंदील, पितळी अडकित्ते, आणि मध्ये एक गोरापान, गुळगुळीत माणूस.

"हा पाईप आमचा आहे," मी उभ्या उभ्या म्हणालो.

"काका, बेसो ने. पाणी पीशो?"

"पाणी नको. कलेक्टरचं नाव सांगा. कुठल्या साली होता? कुठल्या बंगल्यात राहत होता?"

हसला. लाज नाही, राग नाही, नुसता हसला. म्हणे, भंगारवाल्याकडून वजनावर घेतला. म्हणे, कलेक्टर लिहिलं की लोक बघतात, कामगार लिहिलं तर कोण बघणार? म्हणे, लिलाव सुरू झाला, आता वस्तू मागे घेतली तर अ‍ॅपवाले त्याचं खातं बंद करतील. "तमे पण बोली लगावो ने, काका! घरबसल्या पार्सल येईल. पार्सल हातात आलं की मगच पैसे." जणू माझ्यावर उपकार!

मी त्याला खोटेपणावर दहा मिनिटं सुनावलं. बाहेर माणसं जमली. त्यानं सगळ्यांना चहा सांगितला. अशा माणसाशी लढायचं कसं? शत्रूनं निदान चिडावं तरी!

पाईप दुकानात नव्हता, गोदामात होता. हातही लावता आला नाही.

२६ जुलै, शनिवार

आज मार्ग सापडला. इतके दिवस सुचलं कसं नाही!

आमच्या गल्लीत कानबाईचं विसर्जन झालं की मानाच्या नारळाचा लिलाव होतो. माणूस उभा राहतो, नाव सांगतो, बोली लावतो. रकमेवर नेहमी एक. एकशे एक, पाचशे एक. आणि मध्येच कुणी उठून म्हणालं, "घरात आजारी माणूस शे, त्याना नावनं," की संपलं. पुढे कुणी बोलत नाही. कितीही पैसेवाला असो, हात जोडून खाली बसतो. एवढी वर्षं बघतोय, एकदाही कुणी मोडलं नाही.

मग इथंही माणसंच आहेत ना? त्यांना सांगितलंच नाही कुणी!

फोटोखाली लिहायला जागा असते. लिहायला बसलो. "बंधूंनो आणि भगिनींनो" इथून सुरुवात केली. कलेक्टरचं खोटं उघडं पाडलं. जर, गाठ, मोगरा, सगळं सांगितलं. गेटवरचा शेठ सांगितला, त्याच्या एका झुरक्यानं मालकाचा माज कसा उघडा पडायचा ते सांगितलं. शेवटी लिहिलं, तो माणूस आज अंथरुणाला खिळलाय, त्याची वाचा गेलीय, हा पाईप त्याच्या हातात पुन्हा द्यायचाय, तेव्हा आपण सर्वांनी थांबावं ही हात जोडून विनंती. त्या डब्यात एका वेळी थोडंच मावतं, म्हणून पाच तुकड्यांत टाकावं लागलं. मराठीत एकदा, हिंदीत एकदा. वैशाली म्हणाली, "नाना, एवढं कोण वाचतं?" वाचतात! माणूस माणसाचं ऐकतो. यावर विश्वास नसता तर मी आयुष्यभर पेटीवर उभा राहून घसा कोरडा केलाच नसता.

२७ जुलै, रविवार

वाचलं. सगळ्यांनी वाचलं. भाव दुप्पट झाला!

"वा अंकल, काय स्टोरी आहे!" "आता तर हवाच." एकानं विचारलंय, नाटकाचा फोटो असेल तर सोबत मिळेल का, म्हणजे फ्रेम करून लावता येईल. दुसऱ्याला उदबत्तीच्या कंपनीचं नाव हवंय! आजारी माणसाबद्दल एका बाईनं रडकं चित्र टाकलं, आणि खाली स्वतःची बोली वाढवली!

आणि किरीटभाई! त्यानं कलेक्टर काढून टाकला. आता तिथं काय आहे? "गिरणी कामगारांच्या ऐतिहासिक नाटकातील शेठचा पाईप. दांडीवर कामगाराच्या हातची अस्सल गाठ. मोगऱ्याचा गंध अजून कायम." माझं भाषण! माझीच वाक्यं, माझ्याच क्रमानं! वर फोन करून सांगतो, "काका, तमे तो बहु सरस लख्युं! असंच लिहीत जा."

मी फोन आपटला. माझाच होता. काच तडकली.

२८ जुलै, सोमवार

दुःखाची जाहिरात करणारा माणूस मीच निघालो काय? छे! दोष सांगण्यात नाही, ऐकणाऱ्यात आहे. या पानावर तरी हे ठणकावून लिहून ठेवतो.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

बमरोलीला गेलो. भटूच्या बायकोनं, उषाबाईनं, पुरणाची दिंडं दिली. भटूचं जेवण झालं होतं. मोबाईल तसाच डाव्या हातात. उषाबाई म्हणाली, "भाऊ, दिवसभर काचेवर अंगठा घासत बसतात. काय दिसतं कोण जाणे. काढून घ्यावा तर असे डोळे वटारतात!"

लखन आत होता, म्हणून मुद्दाम मोठ्यानं भटूला सगळं सांगितलं. किरीटभाई, कलेक्टर, मोगरा, माझं पाच तुकड्यांतलं भाषण, आणि त्यानंतर भाव कसा दुप्पट झाला ते. सांगता सांगता मीच इतका तापलो की उभा राहिलो. "माझं भाषण, भट्या, माझंच भाषण त्यानं विकायला काढलं!"

आणि भटूचे खांदे हलायला लागले. तोंड एका बाजूला ओढलेलं, घशातून घुर्र घुर्र आवाज, डोळ्यांतून धारा. उषाबाई धावत आली, पदरानं त्याचे डोळे पुसले. मला बघवलं नाही. माझ्या अपमानावर हा माणूस रडतोय, स्वतःचं सगळं गेलेलं असताना! आणि म्हणे समज गेली!

लखनला म्हटलं, बघितलंस? तो म्हणाला, "डॉक्टर बोलला होता, असं बिनकारण रडायला येतं. नसा कमजोर झाल्या की होतं."

बिनकारण!

३० जुलै, बुधवार

बाकीचे एकेक गळाले. स्टोरी आवडली होती, पण पैसे काढायची वेळ आली तेव्हा फ्रेमवाला गेला, उदबत्तीवाला गेला, रडक्या चित्राची बाई गेली. मैदानात आता दोघंच. मी आणि एक नवा. बोलीदार अकरा.

हा अकरा म्हणजे हलकट माणूस आहे. मी शंभर रुपयांनी वाढवतो. हा माझ्यावर एक रुपया टाकतो. फक्त एक! हजारानं हरवलं तर माणूस म्हणतो, पैसेवाला होता. एका रुपयानं हरवण्यात नुसता अपमान असतो. सकाळी पुन्हा वाढवली. चहा संपायच्या आत, वर एक!

मग डोक्यात वीज चमकली. रकमेवर एक! हा दिल्ली-मुंबईचा नव्हे, हा आपल्यातला! नारळाच्या लिलावात बसलेला कुणीतरी. म्हणजे त्यानं माझी विनंती वाचली, रीत त्याला ठाऊक आहे, आणि तरी खाली बसत नाही! परक्यानं केलं तर व्यापार. घरच्यानं केलं तर काय म्हणायचं?

खात्री करायला मी मुद्दाम रकमेवर एक लावून बोली टाकली. तर यानं वर दोन केले! दोन! रकमेवर दोन कुणी लावतं का? रीतही पाळत नाही. नुसती थट्टा चाललीय माझी.

संशय किरीटभाईचा आला. भाव वाढवायला स्वतःचाच माणूस उभा केला असणार. फोन केला, तोंडाला येईल ते बोललो. तो आईची शपथ घेऊन म्हणाला, नाव त्यालाही दिसत नाही, फक्त शहर दिसतं. "सुरतनो ज छे, काका. आपणा ज शहरनो माणस."

३१ जुलै, गुरुवार

निंबाच्या टपरीवर एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. कुणीही अकरा असू शकतो. चहा न पिता आलो.

१ ऑगस्ट, शुक्रवार

हरलो.

लिलाव आज दुपारी बंद होणार होता. आणि आजच कामरेजला सभा. महिनाभर आधी ठरलेली. कंत्राटी पोरं, हातमोजे न देता रसायनात हात घालायला लावतात, तिथं नाही कसं जायचं? सभेआधी बोली वाढवून ठेवली. दहा मिनिटं बोलायचं, खाली उतरायचं, शेवटची बोली टाकायची, असा हिशेब.

उभा राहिलो. समोर ती पोरं. बोटांची सालं गेलेली. एकानं हात वर करून दाखवले. मग कसली दहा मिनिटं? मी बोलत गेलो. असा आवाज बरेच दिवस लागला नव्हता. पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती. खिडकीत उभा मॅनेजर आत निघून गेला. वाटलं, आज भटू बघायला हवा होता.

खाली उतरलो तेव्हा त्यांची जेवणाची सुट्टी संपत आली होती. तडकलेल्या काचेवर लिहिलेलं: लिलाव समाप्त. बोलीदार अकरा विजयी.

एका रुपयानं.

म्हणजे आज पुन्हा तेच! माझं भाषण ऐन रंगात, आणि कुणीतरी तोंडावर धूर सोडून गेला.

संध्याकाळी बमरोली. भटूला सांगितलं, तोंड खाली घालून. "भट्या, तुझा पाईप गेला. मी बोलत राहिलो आणि तो गेला." पुन्हा त्याचे खांदे हलले, पुन्हा ते पाणी. या वेळी तर खाट करकरायला लागली. उषाबाई पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. "भाऊ, हात जोडते, त्यांना काही सांगत जाऊ नका. तुम्ही आलात की असं होतं. एरवी शांत असतात."

मीच त्याला रडवतो. ठीक आहे. आता नाही सांगणार.

४ ऑगस्ट, सोमवार

कानबाईला निरोप दिला. बायका नाचून नाचून दमल्या, सुंदराचा आवाज बसला. विसर्जनानंतर नारळाचा लिलाव. एका साडीच्या दलालानं सुरुवातच मोठ्या आकड्यानं केली. मी उभा राहिलो. नाव सांगितलं. म्हणालो, "भटू अंथरुणावर आहे. त्याच्या नावानं."

कुणी हूं की चूं केलं नाही. दलालानं हात जोडले आणि खाली बसला. मी एकशे एक दिले आणि नारळ घेतला.

हा असतो लिलाव! माणसं माणसांकडे बघत असतात तेव्हा तो असा होतो. त्या गर्दीत अकरा नंबरही बसलेला असणार. हात त्यानंही जोडले असतील. तोंड दिसतं तेव्हा लाज वाटते, नंबर मिळाला की लाज संपते. यावर एक भाषण करणार आहे.

लखनबरोबर नारळ बमरोलीला नेला. भटूच्या मांडीवर ठेवला. त्यानं एकदा बघितलं, आणि पुन्हा मोबाईलकडे. अंगठा काचेवर.

लखन हळूच म्हणाला, "बघा नाना. कानबाईचा नारळ बी नाही ओळखला."

मी नारळ उचलून उषाबाईच्या हातात दिला.

६ ऑगस्ट, बुधवार

लखननं रविवारची गाडी ठरवली. उषाबाईही जाणार. तिनं भटूचे सदरे धुऊन इस्त्री करून आणले, पाच महिने ज्यांना कुणी इस्त्री केली नव्हती ते. बॅग खाटेखाली उघडी पडलीय.

मधे पडायचं नाही असा शब्द मीच दिलाय. पण इतका संताप येतो! कुणावर, तेही धड सांगता येत नाही. लखनवर? तो पाळीवर गेल्यावर बापाला उचलून बसवायला उषाबाई एकटी, तिची कंबर गेलीय. डॉक्टरवर? किरीटभाईवर? सगळे वाटून घेतील थोडं थोडं. उरतो अकरा. त्या माणसानं एका रुपयासाठी एका जिवंत माणसाला सुरतेतून उठवलं. पाईप कुठल्या तरी कपाटात काचेआड ठेवेल. आलेल्यांना माझीच वाक्यं ऐकवेल.

भेटला तर सोडणार नाही. पेटी लागणार नाही मला, रस्त्यातच बोलेन.

८ ऑगस्ट, शुक्रवार

निरोप घ्यायला बमरोलीला गेलो आणि माझ्या पाठोपाठ पार्सलवाला आला. उषाबाई म्हणाली, आम्ही काही मागवलेलं नाही. त्यानं नाव वाचलं, भटूचं. फोन नंबर वाचला, भटूचाच. वैशालीनं खोकं फाडलं. जर, गाठ, मोगरा.

बोलीदार अकरा खाटेवर बसला होता. त्यानं डावा हात पुढे केला, पाईप घेतला, तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात धरला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, शेठ बघायचा तसं. सावकाश एक झुरका. मग फुंकर, थेट माझ्या तोंडावर.

खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी. उषाबाई पदर घेऊन धावली.

लखन दारातच थांबला होता. म्हणाला, "मा, थांब. पुसू नको. आबा रडत नही शेतस. आबा हसी ऱ्हायनात!"